पोरीचा जुना डेस्कटॉप : एका मोटार मिस्तरीचा अकरा महिन्यांचा अनुभव

मी पारोळ्यात मोटारी भरतो. विहिरीवरची नाहीतर बोअरची जळालेली मोटार आली की जुनं वायंडिंग काढायचं, त्याच गेजची, म्हणजे जाडीची, नवी तार भरायची, वार्निश मारून वाळवायची आणि शेतकऱ्याला परत द्यायची. बावीस वर्षं हाच धंदा. कॉम्प्युटर म्हटलं तर लाइटबिल आणि सातबाऱ्यापुरता, तोही दुसऱ्याच्या दुकानातला. म्हणून हा अनुभव लिहिताना मी कॉम्प्युटरवाल्यासारखं लिहिणार नाही, मिस्तरीसारखं लिहीन.

मोठी पोरगी आठवीत गेली. शाळेत कॉम्प्युटरचा तास आठवड्याला एक, आणि एका मशीनवर चार-पाच पोरी. माउस हातात येईपर्यंत घंटा होते. घरी काहीतरी घ्यायचं ठरलं तेव्हा शालक म्हणाला, दाजी, टॅब घ्या, हलका असतो, लाइट गेली तरी चालतो. माझं म्हणणं वेगळं होतं. जी वस्तू उघडत नाही ती पोरांना वापरता येईल, पण कळणार नाही. पोरगी माझ्या दुकानात लहानपणापासून बसते, मोटारीचा रोटर कोणता आणि स्टेटर कोणता हे तिला पहिलीत असतानाच ठाऊक होतं. तिला कॉम्प्युटरही तसाच कळावा, एवढीच इच्छा.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जुन्या डेस्कटॉपची दुकानं आहेत. मोठ्या ऑफिसांतून चार-सहा वर्षांनी मशीन बदलली जातात, ती साफ करून इथं विकायला येतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, माल सगळीकडे साधारण सारखाच असतो. आम्ही बाप-लेक तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांना मी म्हणालो, भाऊ, झाकण उघडून दाखवा. त्यांनी टाळलं. तिसऱ्याकडच्या पोराने लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतला. तिथंच सौदा ठरला.

घेतलं ते असं : इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी (फाइली साठवायची जागा), 19 इंची जुना मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस. सगळ्याचे 10,800 रुपये. यूपीएस वेगळा, 2,400 रुपये. ही पिढी 2013 सालची, म्हणजे मशीन माझ्या पोरीच्याच वयाचं. वय ऐकून घाबरू नका. शाळेचं काम, टायपिंग, चित्रं, हिशेब आणि इंटरनेट एवढ्याला त्याचा दम अजून पुरतो.

मॉनिटर गोधडीत गुंडाळला, डबा मांडीवर घेतला आणि एरंडोलवरून एसटीने घरी आलो. संध्याकाळी देवापुढे नारळ फोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. आतून टीं टीं असा आवाज. पोरीचा चेहरा उतरला. माझी माय उंबऱ्यात बसून म्हणाली, "हाऊ डबा बंद पडी गया का?"

मी दुकानात फोन लावला. तो पोरगा जेवत होता, तरी जेवता जेवता सांगत राहिला. म्हणाला, "नाना, एसटीच्या दणक्याने रॅम सैल झाली असेल. वायर काढा, झाकण उघडा, रॅमची पट्टी दोन्ही कडांनी धरून वर काढा. सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने हळू पुसा. परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खुंट्या टक्क वाजल्या पाहिजेत." पट्टीला हात लावायच्या आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायला सांगितलं, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते आणि चिप मरत नाही. खोडरबर पोरीच्या कंपासपेटीतून निघाला. पट्टी तिनेच पुसली, तिनेच बसवली. टक्क, टक्क. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

माझ्या दृष्टीने 10,800 रुपये त्या संध्याकाळीच वसूल झाले. रॅम म्हणजे काय हे तिच्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आहे. पण रॅम नसली तर मशीन उठतसुद्धा नाही, हे तिने आपल्या हाताने पाहिलं.

रॅमचा दुसरा धडा वीज मंडळाने दिला. यूपीएस अजून जोडला नव्हता. ती पावसाळ्यावर निबंध लिहीत होती, दीड पान झालं होतं, आणि लाइट गेली. परत आली तेव्हा पहिला परिच्छेद होता, बाकी नाही. पहिला परिच्छेद तिने सेव्ह केला होता. सेव्ह केलेलं एसएसडीवर जातं आणि वीज नसली तरी राहतं, आणि जे अजून फक्त पडद्यावर आहे ते रॅममध्ये असतं, वीज गेली की पुसलं जातं. रडली थोडी. तेव्हापासून तिचा डावा हात दर दोन ओळींनी कंट्रोल-एसवर जातो, बघायची गरज पडत नाही.

आता डब्याच्या आतलं, कारण मला त्याचंच जास्त सांगायचं आहे.

पाठीमागे वरच्या कोपऱ्यात जो पत्र्याचा चौकोनी डबा आहे तो एसएमपीएस. घरातली 230 व्होल्टची वीज तो 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसीमध्ये उतरवतो. आमच्या धंद्यात एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोन हातांनी उचलायची वस्तू. इथं तो मुठीएवढा कसा, हे मला दोन दिवस कळेना. कारण असं की आपली लाइन सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, आणि एसएमपीएस तीच वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. वेग वाढला की तेवढ्याच ताकदीला लोखंड आणि तांबं कमी लागतं. पण एक सांगतो : कॉम्प्युटरचं झाकण पोरांना खुशाल उघडू द्या, एसएमपीएसचं अजिबात नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढी वीज उरलेली असते.

प्रोसेसरवरच्या पंख्याने मला वेड लावलं. 12 व्होल्ट डीसीची मोटार, पण कार्बन ब्रश नाहीत. आपल्या मोटारीत गुंडाळी बाहेर आणि रोटर आत. इथं उलटं आहे : गुंडाळ्या मध्ये स्थिर, आणि पात्यांच्या आतल्या कडेला लावलेलं लोहचुंबकाचं कडं त्यांच्याभोवती फिरतं. तारा चार. दोन विजेच्या, तिसरी पंखा किती वेगाने फिरतो ते मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला, कळवते, चौथीवरून बोर्ड त्याला वेग कमी-जास्त करायला सांगतो. पोरीला म्हणालो, बघ, यात एवढीशी मोटार आपल्याच भाऊबंदातली आहे.

पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, त्याखाली प्रोसेसर. हा पंखा आमच्या खान्देशात जपावा लागतो. कार्तिकात कापूस वेचून घरात आला. भाव वाढेल म्हणून भावाने त्याच खोलीत गंजी लावली, आमच्याकडे सगळेच लावतात. महिनाभरात मशीन घरघरू लागलं आणि मंद झालं. उघडून पाहिलं तर ॲल्युमिनियमच्या फटींत कापसाची बारीक तूस चटईसारखी बसलेली. हवा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून सगळं हळू झालं होतं. दुकानातला ब्लोअर आणला. हवा मारताना पात्यात काडी अडकवली, पंखा वाऱ्याने गरगर फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. ठोकळा काढून वाळलेली पेस्ट पुसली आणि तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी थर्मल पेस्ट लावली, ती प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याकडे नेते. पेस्टचं काम वार्निशसारखंच नेमकं आहे, कमी नको, जास्त नको. प्रोसेसरला पिना नसतात, खालून सोनेरी ठिपके असतात. पिना खालच्या सॉकेटमध्ये, त्या 1150. एक वाकडी झाली तरी बोर्ड गेला समजा, म्हणून ठोकळा काढला तरी प्रोसेसर जागचा हलवला नाही. आता कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत आहे आणि दर दोन महिन्यांनी रविवारी झाकण उघडतं.

याहून महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. जुना किंवा नवा, कोणताही डेस्कटॉप घरी आणणाऱ्याने ही वाचावीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, "आबा, डब्याला हात लागला की मुंग्या येतात." टेस्टर लावला तर मंद पेटला. मी आधी एसएमपीएसवर संशय घेतला, पण दोष आमच्या घराचा होता. एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट (नॉइज) गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्याला छोटे कॅपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून येणारा बारीकसा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. आमच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. मग डब्यावर साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून मुंग्याच येतात, पण अर्थिंगशिवाय आत खरंच एखादी तार पत्र्याला चिकटली तर जीव जाईल. दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ, पाणी, सगळं रीतसर केलं आणि तार सॉकेटपर्यंत आणली. मुंग्या बंद. मी लोकांच्या शेतात स्टार्टरला अर्थिंग करा म्हणून बावीस वर्षं सांगतोय आणि माझ्याच घरात ते नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. शाळांमध्ये, क्लासमध्ये कॉम्प्युटर बसवताना कोणी हे तपासत असेल तर फार चांगलं. नसेल तर आजच तपासा.

चौथ्या महिन्यात एक छोटा बिघाड आला. मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना यायची आणि एफ-वन दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. घड्याळही काही वर्षं मागं. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर 2032 नावाची. 3 व्होल्टची, 20 मिलिमीटर व्यासाची, 3.2 मिलिमीटर जाड. ही मापं त्या नावातच आहेत. मशीन बंद असताना घड्याळ आणि सुरुवातीची सेटिंग तिच्यावर जिवंत राहतात. घड्याळाच्या दुकानात मिळाली, पोरीनेच बदलली.

आता सॉफ्टवेअर. दुकानदार विंडोज टाकून देतो म्हणाला. मी विचारलं, बिल मिळेल का? तो गप्प बसला. चोरीची कॉपी मला पोरीच्या हातात द्यायची नव्हती. शिवाय विंडोज 10 ला कंपनीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचं मशीन त्यात अधिकृतपणे बसत नाही. मग त्याच पोराने विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून दिलं, एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. फुकट आहे आणि कायदेशीर आहे. मशीन सुरू व्हायला चहा गाळण्याएवढाही वेळ लागत नाही.

शाळेत विंडोज आणि घरी मिंट, म्हणून पोरगी गोंधळेल अशी भीती होती. गोंधळली नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, खिडकीला बंद करायची फुली. दोन-तीन दिवसांत तिला कळलं की चित्रं वेगळी असली तरी कामं तीच. उलट दोन प्रकार पाहिल्यामुळे ती आता बटणाची जागा पाठ करत नाही, बटण काय करतं ते शोधते. एक अडचण खरी आहे. शाळेने दिलेली वर्डची फाइल मिंटमधल्या लिब्रेऑफिस या लिहायच्या-हिशेबाच्या संचात उघडते, पण तक्ते थोडे सरकतात. आणि शाळेत द्यायची फाइल आठवणीने डॉकएक्स प्रकारात सेव्ह करावी लागते, नाहीतर ती ओडीटी या लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात जाते. एकदा तिचा प्रकल्प शाळेत उघडलाच नाही आणि तिला मान खाली घालून परत यावं लागलं.

माझा पुतण्या पाचवीत आहे. तो मोबाइलवर वाढलेला. पहिल्या दिवशी मॉनिटरच्या काचेवर बोट फिरवत होता आणि काही हलेना म्हणून मला विचारलं, "काका, हाई बिघडेल शे का?" माउस टेबलावर आडवा हलवायचा आणि बाण उभ्या पडद्यावर चालतो, हा संबंध लहान मुलाच्या हाताला बसायला वेळ लागतो, मोठ्यांना त्याची कल्पना नसते. डबल-क्लिक त्याला जमेना, पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये माउस सरकायचा. सेटिंगमध्ये जाऊन डबल-क्लिकचा वेळ वाढवला, अक्षरं मोठी केली. जीकॉम्प्री नावाचा मुलांचा संच टाकला. 2000 साली फ्रान्समध्ये सुरू झालेला, आणि नावाचा उच्चार फ्रेंचमधल्या ‘मला समजलं’ सारखा आहे. त्यात माउस फिरवून चित्रावरचे चौकोन पुसायचा खेळ आहे. आठवडाभर तो तेच खेळला आणि हात बसला. टक्स पेंट या चित्रांच्या प्रोग्रॅमवर आता बैल काढतो, पोळ्याचे, शिंगं रंगवलेले.

फोल्डर ही गोष्ट दोघांनाही अवघड गेली. मोबाइलवर फोटो गॅलरीत दिसतो, तो कुठं ठेवलाय हे विचारावं लागत नाही. इथं फाइलला घर असतं. पोरीने दोन महिने सगळं डेस्कटॉपवर टाकलं, पन्नास-साठ फाइली, सगळ्यांची नावं ‘नवीन’, ‘नवीन 1’, ‘नवीन 2’. मी तिला माझ्या दुकानातला तारांचा रॅक दाखवला : 20 गेजची गुंडी 20 च्या खुंटीवरच का लटकवतो? घाईत हात घातला तरी तीच हाती यावी म्हणून. त्या रात्री बसून तिने विषयांचे फोल्डर केले, आत इयत्ता, आत महिना.

मराठी टायपिंग हे या सगळ्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम. मोबाइलवर ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची, आणि र्‍हस्व-दीर्घ कधीच कळायचं नाही. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. रचना सोपी : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्टसह ख. आय म्हणजे ग, शिफ्टसह घ. हलन्त डीवर, जोडाक्षर करायचं तर मध्ये डी दाबायचं. तिने पहिला शब्द लिहिला तो ‘भरीत’ : शिफ्ट-वाय, जे, आर, एल. दुसरा ‘केळी’ : के, एस, शिफ्ट-एन, आर. पहिली वेलांटी एफवर आणि दुसरी आरवर असल्यामुळे आता तिला प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं, की ही वेलांटी कोणती. शुद्धलेखनात फरक पडला, बाईंनीही सांगितलं. मी स्वतः रोज रात्री अर्धा तास बसतो. हा लेख मीच टाइप केला आहे, चार रात्री लागल्या.

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यात, मोटारींची नोंदवही केली आहे : गावाचं नाव, हॉर्सपॉवर, तारेचं गेज, तांब्याचं वजन, भाव. वजन आणि भाव टाकला की बेरीज आपोआप होते. ते सूत्र पोरीने घातलं.

कमी काय आहे तेही सांगतो. मॉनिटरचे रंग फिके आहेत, बाजूने पाहिलं तर काळपट दिसतं. स्पीकर नाही, कॅमेरा नाही, वाय-फाय नाही. वाय-फायचा स्वस्त डोंगल घेतला तर मिंटने ओळखला नाही, तो पडून आहे. आम्ही मोबाइल केबलने जोडून त्याचंच इंटरनेट कॉम्प्युटरला देतो (यूएसबी टेदरिंग), ते लगेच चालतं. सोबत आलेल्या कीबोर्डचं एन अडकत होतं, म्हणजे ल आणि ळ दोन्ही गेले. दुकानदाराने बदलून दिला, पण जळगावची खेप माझीच झाली. बिल हाताने लिहिलेलं, खात्री एका महिन्याची. वीज मात्र फार खात नाही. मोजलं तर मॉनिटरसकट 60 वॅटच्या आसपास, म्हणजे रोज तीन तासांना महिन्याचे साडेपाच युनिट.

कॉलेजात जाणाऱ्या, रोज प्रवास करणाऱ्या मुलाला हे घेऊ नका, त्याला लॅपटॉपच लागेल. ज्यांना घरी झाकण उघडायचं नाही, त्यांनीही नवीन मशीन वॉरंटीसकट घ्यावं. पाचवी ते दहावीची पोरं आणि शिकवायला थोडा वेळ असेल, तर मी हेच घ्या म्हणेन. घेताना दुकानातच झाकण उघडायला लावा, सगळी यूएसबी भोकं पेन ड्राइव्ह घालून तपासा, कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून पाहा, आणि अर्धा तास मशीन चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका.

गल्लीतल्या तिघांनी विचारलं म्हणून येत्या रविवारी पुन्हा गोलाणी मार्केटला जायचं आहे. मशीन पोरगी तपासणार आहे. स्क्रू ड्रायव्हर माझ्या पिशवीत आहे, खोडरबर तिने तिच्या कंपासमध्ये आधीच ठेवलाय.